मदत हवी आहे: बँकेच्या लिलावातला फ्लॅट, परवा शेवटची तारीख, ईएमडी (बोलीआधीची अनामत) भरू का?

सुहास_डोंबिवली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. डोंबिवली पूर्वेला वन बीएचके लिलावात आहे, राखीव किंमत ३८ लाख, त्याच बिल्डिंगमध्ये रिसेलला ५२-५३ सांगतायत. ईएमडी ३.८० लाख परवा पाचपर्यंत भरायचीय. बायको म्हणते एवढं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी भानगड असणार. मला वाटतं बँक विकतेय म्हणजे टायटल क्लिअरच असेल ना? भरू की नको एवढंच सांगा.

निशा_आर
ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष? आत कोण राहतं? सरफेसीखाली (बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा) आहे की सहकार कायद्याखालचा वसुली लिलाव? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय?

सुहास_डोंबिवली
ताबा बँकेने घेतलाय असं नोटिशीत आहे. आत कोणी असलं तर बँक काढेल ना त्यांना?

प्रसाद_बदलापूर
इथेच मी फसलो होतो. बँकेने ताबा घेतलाय म्हणजे बऱ्याचदा दारावर नोटीस चिकटवलीय एवढंच असतं, तोच सांकेतिक ताबा. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सरफेसीच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते, मला चावी मिळायला १४ महिने लागले आणि तोपर्यंत हप्ता आणि राहत्या घराचं भाडं दोन्ही भरत होतो. जाहिरातीत 'जसं आहे जिथं आहे' लिहिलेलं असतं ते नीट वाचा, सोसायटीची थकबाकी, प्रॉपर्टी टॅक्स सगळं तुमच्या डोक्यावर येतं. वीजबिलसुद्धा! जुन्या मालकाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून मागता येते असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये म्हटलंय.

वसंतकाका
माझं ऐका, लिलावाच्या नादी लागूच नका. म्हाडाची लॉटरी भरा, माझ्या पुतण्याला विरारला लागली, कागद स्वच्छ, कोणाशी भांडण नाही. आणि लिलावात कर्जदार शेवटच्या दिवशी पैसे भरून घर सोडवून घेतो, तुम्ही बसा हात चोळत.

निशा_आर
काका, म्हाडाचं त्यांनी विचारलंच नाहीये. आणि ते शेवटच्या दिवशीचं जुनं झालं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की कर्जदाराचा सोडवून घ्यायचा हक्क संपतो, २०२३ च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स निकालात तेच आहे.

वसंतकाका
निकाल असेल हो, पण कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जातोच ना? स्टे आला की पैसे अडकले.

प्रसाद_बदलापूर
हे मात्र काकांचं खरं आहे. सरफेसीच्या कलम १७ खाली ४५ दिवसांत जाता येतं आणि बँकेने नोटिशीत घोळ घातला असेल तर विक्रीच रद्द होऊ शकते. पैसे परत मिळतात पण कधी ते देवाला माहीत.

मनीष_सीए
टीडीएस विसरू नका, १ टक्का.

निशा_आर
बोलीची किंमत आणि मुद्रांक शुल्कासाठीचं सरकारी मूल्य, दोन्ही ५० लाखांच्या आत असतील तर लागत नाही हो.
सुहास, लोन मंजूर आहे का? बोली लागली की त्याच किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत २५ टक्के. राखीव किमतीलाच सुटलं तरी साडेनऊ लाख, ईएमडी वजा जाता ५.७० लाख रोख पाहिजेत. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, मुदत फार तर तीन महिन्यांपर्यंत आणि तीही लेखी वाढवून मिळाली तरच. नाही भरले तर २५ टक्के जप्त, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पूर्ण जप्तीही ग्राह्य धरलीय.

सुहास_डोंबिवली
लोन अजून नाही, लिलाव लागल्यावर करणार होतो. आत्ता बिल्डिंगमध्ये जाऊन आलो. आत भाडेकरू आहेत, दोन वर्षं झाली म्हणतात. सोसायटीचे सव्वादोन लाख थकलेत, सेक्रेटरीने तोंडी सांगितलं. आणि नोटीस परत वाचली, खाली बारीक अक्षरात 'सांकेतिक' लिहिलंय. मी आधी बघितलंच नव्हतं.

प्रसाद_बदलापूर
भाडेकरार गहाणखताच्या आधीचा की नंतरचा? नोंदणी झालीय का, बँकेची परवानगी घेतली होती का? आधीचा आणि नोंदलेला निघाला तर काढणं फार अवघड. सोसायटीकडून थकबाकी लेखी घ्या, तोंडी आकडा धरू नका.

निशा_आर
आणि डीआरटीच्या साइटवर कर्जदाराच्या नावाने शोधा, केस असेल तर दिसते. लगेच बघा.

सुहास_डोंबिवली
बघतोय. उद्या दहाला बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांकडे जातो, कलम १४ चा अर्ज केलाय का ते लेखी मागतो. तोवर ईएमडी भरत नाही.