अनवाणी धावताना सुधारलेली ढब बूट घातल्यावर टिकत नाही: मार्गदर्शन हवे आहे

गेली ३ वर्षे मी आठवड्याला साधारण २५ किलोमीटर धावतो. नडगीचे दुखणे दोनदा उद्भवल्यावर मित्राकडून धावतानाचे चित्रीकरण करून घेतले. पाऊल गुडघ्याच्या बरेच पुढे आणि टाचेवर पडत होते, शिवाय त्या क्षणी गुडघा जवळजवळ ताठ होता.

दोन महिन्यांपूर्वी, रोजचे धावणे संपल्यावर हिरवळीवर ५ मिनिटे अनवाणी धावायला सुरुवात केली. काहीही न ठरवता पावले आखूड झाली, चवडा आधी टेकू लागला आणि बुटांतली धपधप जवळजवळ थांबली. मोजून पाहिले, तर बुटांत मिनिटाला १५८ पावले पडत होती आणि अनवाणी १७४. उघडी टाच आपटली की लगेच कळते. बुटाच्या जाड गादीतून ती तक्रार वर पोहोचतच नाही. अनवाणी धावण्याची सवय असलेले धावपटू चवड्यावर उतरतात तेव्हा जमिनीचा आघात कमी बसतो, असे संशोधक डॅनियल लीबरमन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले होते, ते आता पटते.

अडचण पुढे आहे. बूट घातल्यावर ही ढब जेमतेम ७ मिनिटे टिकते, आणि मुद्दाम चवड्यावर उतरू लागलो तर टाच टेकतच नाही व पोटऱ्या ताठरतात (मित्राच्या मते ते धावणे कमी आणि नाचणे जास्त दिसते). मध्यंतरी उत्साहाच्या भरात अनवाणी वेळ एकदम १५ मिनिटांवर नेला, तेव्हा सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाचेमागची शीर आखडलेली असे. आता ८ मिनिटांवर आलो आहे. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी दाबल्यावर दुखू लागले, तर हाडाला तडा गेल्याची शंका धरून थांबायचे, हेही ठरवले आहे.

अबेबे बिकिला यांनी १९६० ची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी आणि १९६४ ची बूट घालून जिंकली; त्यामुळे बूट कायमचे सोडावेत असा माझा हट्ट नाही. अनवाणी सराव मुख्य धावण्याच्या आधी केल्यास ढब बुटांत अधिक टिकते का? मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारे साधन) लावून पावलांची गती आधी ५ टक्क्यांनी, म्हणजे १६६ पर्यंत नेणे पुरेसे ठरेल का? टाच आणि चवडा यांच्या उंचीत कमी फरक असलेले बूट मधला टप्पा म्हणून कोणाला उपयोगी पडले आहेत का? उत्तर देताना आपला आठवड्याचा पल्ला आणि बदल अंगवळणी पडायला लागलेला काळ कृपया लिहावा.