'बैल गेला नि झोपा केला' : यातला झोपा कुणी पाहिलाय का?

अर्धा_कप_चहा
लेक सहावीत. गृहपाठ होता, म्हणीचा वाक्यात उपयोग करा. तिने लिहिलं, "परीक्षा संपल्यावर राजू गाढ झोपला, म्हणजे बैल गेला नि झोपा केला." बाईंनी बरोबरची खूण केलीये. खरं सांगायचं तर मीही चाळिशी गाठेपर्यंत तेच समजत होते, बैल गेला आणि हा पठ्ठ्या झोपला. काल सासूबाईंनी वही बघितली नि कपाळाला हात लावला. "झोपा म्हणजे झोप नव्हे गं, दार!" कसलं दार विचारलं तर "असायचं आमच्याकडे" म्हणून परत मालिका बघायला लागल्या. त्यांचं हे नेहमीचंच.
कुणाला माहितीये? आणि अशा आणखी कुठल्या म्हणी आहेत, ज्यांतली वस्तूच आपण कधी बघितली नाही?

खटावकर_जुने
पाहिलाय काय, बांधलाय. तुराट्या नाहीतर बाभळीच्या फांद्या उभ्या लावायच्या, दोन-तीन आडव्या कामट्या घालून वाखाने करकचून आवळायच्या. बिजागरी वगैरे काही नाही. सकाळी उचलून भिंतीला टेकवायचा, रात्री गोठ्याच्या तोंडाला लावून दोरी अडकवायची. झाला झोपा. अर्ध्या दिवसाचं काम, पण ते अर्धा दिवस कुणाला मिळत नसतो.
आमचा असाच मोडका झोपा पावसाळाभर पडून होता. एका रात्री कालवड सुटली, शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली, सकाळी कोंडवाड्यात. दंड भरून सोडवून आणली आणि दुपारी वडील तुराट्या घेऊन बसले. आजी दारात उभी. म्हण तिने उच्चारलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "बांधा, बांधा. आता काय घाई न्हाई, निवांत बांधा." वडील त्या दिवशी जेवले नाहीत.
(हल्ली आमच्या सोसायटीत दोन स्कूटर गेल्यावर कॅमेरे बसले. आजी असती तर गेटवरच उभी राहिली असती.)

आमसूल
सुंभ घ्या. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' सगळे म्हणतात, पण जळलेला सुंभ बघितलाय किती जणांनी? आमच्या स्टँडवरच्या पानटपरीला विडी पेटवायला काथ्याची दोरी टांगलेली असायची, टोकाला धुमसत. वारा नसला की जळलेला भाग तसाच राहायचा, राखेचा, पण वळ न् वळ शाबूत. मी लहानपणी बोट लावून बघितलं होतं. भुगा झाला. बोट लागेपर्यंत मात्र ऐट दोरीचीच. आमच्या एका काकांचं पेन्शनीतलं बोलणं अगदी तसंच होतं.
'खाई त्याला खवखवे' हे सुरणाचं. चिंच-आमसूल न घालता भाजी केलीत की कळेल, कुणी खाल्लं ते विचारावं लागत नाही.

देवघर_आवरताना
धुपाटणं राहिलं. 'तेल गेले तूप गेले, हाती धुपाटणे आले' यात धुपाटणंच का, हा प्रश्न मला फार वर्षं होता. पितळेचं असतं, वर धूप जाळायची वाटी आणि खाली बैठक, तीही आतून पोकळ, उलटी वाटीच म्हणा. गोष्टीतला शहाणा ते घेऊन दुकानात गेला. वरच्या वाटीत तेल घेतलं. "आणि तूप कशात घेऊ?" तर ह्याने धुपाटणं उलटं केलं, बैठकीत तूप घेतलं. घरी बायको म्हणाली, तेल कुठाय? ह्याने परत सुलटं केलं.

उगाच_एक_शंका
सगळं मान्य, पण त्या मुलीचे मार्क कापू नका. बैल असेपर्यंत राखणीला जागावं लागतं. गेल्यावर झोप लागतेच की.

अर्धा_कप_चहा
ही शंका लेकीला दाखवणार नाही, आधीच वकिली फार करते. देवघरातलं धुपाटणं आणून सिंकपाशी पाणी घालून बघितलं, दोन्ही वेळा माझ्याच पायावर.
खटावकर, तुमचा झोपा सासूबाईंना वाचून दाखवला. पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "तुराट्या? छे! आमच्याकडे निरगुडीचा." मग मालिका बंद करून अर्धा तास निरगुडी.