छातीच्या कॅन्सरवर जीन थेरपी की आधी अ‍ॅसबेस्टॉसचे पत्रे बंद?

दर्यावरचा: माझे मामा मेसोथेलिओमाने गेले, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. तरुणपणी अ‍ॅसबेस्टॉस पत्र्याच्या कारखान्यात होते, त्या धुळीचं दुखणं वर आलं तीस वर्षांनी. तेव्हापासून जीन थेरपीबद्दल, म्हणजे पेशीत जीन घालून करायच्या उपचाराबद्दल, मिळेल ते वाचतोय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९०च्या दशकातच सर्दीच्या व्हायरसमध्ये एक जीन घालून तो छातीच्या पोकळीत सोडला, मग गॅन्सिक्लोव्हिर हे व्हायरसवरचं औषध द्यायचं, जीन जिथे पोचलं ती पेशी त्या औषधाने मरते. ह्यूस्टनच्या टीमने १९९६ला पी५३ हे पेशींची बेफाम वाढ रोखणारं जीन फुप्फुसाच्या गाठीत टोचल्याचे निकाल छापले, पेशंट नऊच. एवढी वर्षं झाली तरी आपल्याला डॉक्टर केमोच सांगतात ना? माझं मत, या संशोधनाचा पैसा पत्रे बंद करण्यात घाला. आपल्याकडे खाणी बंद पण अ‍ॅसबेस्टॉस बाहेरून येतंच आहे.

पेशीवाली: अजिबात पटलं नाही. आज पत्रे बंद केले तरी ज्यांच्या छातीत धूळ गेलीये ते पेशंट पुढची तीस वर्षं येत राहणार, त्यांना काय सांगायचं? आणि काम वाया गेलं नाही. इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या प्रोटीनचं जीन नेणारा व्हायरस मेसोथेलिओमातही वापरून बघितलाय, त्याच धर्तीचं औषध अमेरिकेत २०२२ला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. आपल्याच आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या कामातून आलेल्या कार-टी थेरपीला (पेशंटच्याच रक्तातल्या पेशींत जीन घालून त्या कॅन्सरवर सोडायच्या) २०२३मध्ये मंजुरी मिळाली.

सातारकर_८१: कार-टी रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे हो, तिथे पेशी रक्तात सापडतात. छातीतली गाठ घट्ट, व्हायरस वरच्या थरातच अडकतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं म्हणून पुढचे डोस कमी लागू पडतात. शिवाय १९९९मध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा अशाच व्हायरसच्या ट्रायलमध्ये (उपचाराच्या चाचणीत) दगावला, आजार वेगळा होता पण ते विसरून चालणार नाही. लोकांना आशा दाखवताना हे पण सांगा.

पेशीवाली: सांगायलाच हवं, मान्य. पण अडचण कळली म्हणून काम सोडायचं नसतं. अजून एक, ईजीएफआर टेस्टचा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्या नावाचं जीन बिघडलंय का ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट बघून जी गोळी देतात तिला लोक जीन थेरपी समजतात. ती जीन बदलत नाही, बिघडलेल्या जीनचं प्रोटीन अडवते.

दर्यावरचा: ट्रायलचं कुणी विचारलं असतं तर मामा नक्की तयार झाले असते, तेवढं तुमचं खरं. पण पत्र्याचं मी सोडणार नाही. मामांच्या घरावर अजून तेच पत्रे आहेत, फुटलेत, आणि मामी दर मे महिन्यात वर चढून झाडूने साफ करते.

सातारकर_८१: आधी मामींना थांबवा. कोरडं झाडलं की तंतू उडतात. फुटलेल्या पत्र्याला कुणी घासायचं नाही, कापायचं नाही, काढायचेच असतील तर ओले करून, अख्खे उतरवून घ्या.