मदत हवी आहे : बाबांच्या तळपायाची जखम आणि हायड्रोजेल

नमस्कार. आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबांचा मधुमेह जुना, पाय बधिर झालेले. पावसाळ्याच्या तोंडावर चपलेतून वर आलेला खिळा तळव्यात घुसला तरी त्यांना कळलं नाही. आईला लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा समजलं. अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम आहे.

आधी बीटाडीन आणि गॉझ चाललं. वर काळी पपडी धरली तेव्हा डॉक्टरांनी हायड्रोजेलची ट्यूब लिहून दिली. त्याने फरक पडला हे खरं. पपडी मऊ होऊन सुटली, खाली लाल मांस दिसू लागलं. पण आता पट्टी सोडली की गॉझ ओलाचिंब निघतो, जखमेच्या कडा पांढऱ्याफटक आणि सुरकुतलेल्या असतात. दवाखान्यात म्हणतात, चालू ठेवा.

जखम ओलसर ठेवावी हे मला पटलंय. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा लवकर धरते. म्हणून आई "वारा लागू दे" म्हणते तेव्हा मी ऐकत नाही. पण ओल किती असावी? जेल थांबवावं का? भावाने रक्तातली साखर ओळखून औषध सोडणाऱ्या जेलची बातमी पाठवलीय, ते मुंबईत मिळतं का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा, फार काळजी वाटते.

प्रतिसाद १
ताई, मी ड्रेसिंग रूममध्ये सिस्टर आहे. हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जाळीत धरलेलं पाणी. कोरड्या जखमेला ते ओल देतं, म्हणूनच तुमच्याकडे पपडी सुटली. ते काम झालं. पाझरणाऱ्या जखमेवर तेच जेल कडा कुजवतं. तुम्ही सांगताय ते त्याचंच लक्षण दिसतंय. तिथे पाणी शोषणारं, फोमसारखं ड्रेसिंग लागतं. डॉक्टरांना कडा दाखवा आणि बदलून मागा.

साखर ओळखणारी जेलं खरी आहेत. फेनिलबोरॉनिक आम्ल नावाचं रसायन ग्लुकोजला, म्हणजे रक्तातल्या साखरेला, धरतं, त्या आधारावर ती बनवतात. पण ती अजून प्रयोगशाळेत आहेत, त्यांच्यामागे धावू नका. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरवर किरणांचा मारा करून हायड्रोजेल ड्रेसिंग तयार केलंय. पण कुठलंही ड्रेसिंग घ्या, बाबा त्या पायावर चालत राहिले तर जखम भरणार नाही. तळव्याच्या जखमेवरचा भार काढणं हा अर्धा इलाज आहे. शिवाय पायाचा रक्तपुरवठा तपासलाय का? मधुमेहात धमन्या कडक होतात, त्यामुळे घोट्याजवळ मोजलेलं रक्ताचं प्रेशर पुरवठा कमी असूनही चांगलं दिसतं. पायाच्या बोटाचं प्रेशर बघायला सांगा. खिळ्याची जखम आहे, हाडापर्यंत गेली नाही ना हेही बघू द्या, एक्स-रे काढून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना? आणि ताप, दुर्गंधी, लाली वर चढताना दिसली तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

धागाकर्ती
मनापासून आभार सिस्टर. इंजेक्शन झालंय, रक्तपुरवठा कोणीच तपासला नव्हता. सोमवारी केईएमच्या सर्जरी ओपीडीत नेते. एक अडचण राहतेच : संडास गॅलरीच्या टोकाला आहे, आणि बाबा रात्री दोन-तीनदा उठतात. वॉकर गॅलरीतल्या बादल्यांमधून जात नाही. चाळीत राहून कोणी पायावरचा भार काढलाय का? रात्रीपुरती कमोड खुर्ची वापरली असेल तर बाबांना कसं तयार केलंत तेही सांगा, ते ऐकायलाच तयार नाहीत.