मदत हवी आहे: क्लासच्या आधी चायनीज भेळेऐवजी काय द्यावं?

मुलगा अकरावीत. नेरुळहून सकाळी निघतो, कॉलेज करून थेट वाशीला क्लास, घरी यायला नऊ. मध्ये स्टेशनबाहेरची चायनीज भेळ नाहीतर शेजवान फ्रँकी ठरलेली. गरम, झणझणीत, लगेच हातात, वर मित्रांची संगत, मोह होणारच. पण त्या सॉस-चटण्यांमध्ये मीठ किती! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांनाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा सांगते. रात्री घरचं जेवण नकोच, नुसतं पाणी पीत बसतो.

पोळीचा रोल दिला, संध्याकाळपर्यंत त्याचा गिच्च गोळा. चिवडा मित्रांनीच फस्त केला. फळं तशीच परत.

डबा सकाळी सातलाच भरावा लागतो, गरम करायची सोय नाही. बाहेरचं पूर्ण बंद करायचं नाहीये, एखाद्या शनिवारी खाऊ दे.

या उकाड्यात संध्याकाळपर्यंत न आंबता टिकेल, उभ्या उभ्या खाता येईल असं चमचमीत, पोटभरीचं काय देता तुम्ही?