वर्षभर ये, मग जा परत

थोरले काका: बाळ्या, चाकणची ऑफर आलीये म्हणे, साडेसात लाखांची. घे की! वर्षभर ये, घरचं मार्गी लाव, मग जा परत. जर्मनी कुठे पळून जातीये?

बाळ्या: काका, तेच जमत नाहीये. डिग्रीनंतर नोकरी शोधायला 18 महिन्यांचं परमिट मिळतं, माझं डिसेंबरला संपतंय. सहा महिन्यांच्या वर देशाबाहेर राहिलो तर त्याआधीच रद्द. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचं नोकरीचं परमिट, असतं तर वर्षभर बाहेर राहता आलं असतं, पण त्याला नव्या पदवीधरालाही वर्षाला 46 हजार युरोच्या आसपास पगाराचा करार लागतो. स्टुटगार्टचं सगळं गाड्यांच्या धंद्यावर. फोक्सवॅगनने 2024च्या डिसेंबरातच 2030पर्यंत 35 हजार जागा कमी करायचं ठरवलं, इकडच्या कंपन्याही हात आखडून आहेत. मुलाखत बरी होते आणि शेवटी भाषेवर अडतं. माझी जर्मनची बी-वन ही मधली पातळी झालीये, त्यांना वरची सी-वन हवी.

म्युनिकची ताई: पण दार कायमचं बंद होत नाही रे. 2024च्या जूनपासून चान्सनकार्ट आहे, म्हणजे नोकरी शोधायला यायचं परमिट; जर्मन डिग्रीवर तुला ते मिळू शकतं.

बाळ्या: हो ताई, पण त्यालाही खात्यात महिन्याला हजारावर युरो दाखवायचे. डोक्यावर अजून शिक्षणाचं 18 लाखांचं कर्ज आहे. परत बाबांकडे कोणत्या तोंडाने मागू?

थोरले काका: 18 लाख, 11 टक्के, दहा वर्षं धर. हप्ता पंचवीस हजाराच्या घरात. साडेसात लाखांत पुण्यात खोली भाड्याने घेऊन हा हप्ता भरणं जड जाणार, हे खरं. व्याजावर आयकरात सूट आहे, पण जुनी करप्रणाली घेतलीस तरच.

आई: बाबांच्या डायलिसिससाठी म्हणून येऊ नकोस. मी बघते सगळं.

सातारची ताई: काकू, तुम्ही कसं बघता ते मागच्या शुक्रवारी पाहिलं मी. किडनीचं पथ्य म्हणून पहाटे उठून भाजी उकळून पाणी फेकायचं, मग फोडणी. काकांचं पाणी बाटलीवर खुणा करून मोजायचं. मग डायलिसिसचे चार तास बाहेरच्या खुर्चीत, आणि घरी येऊन परत स्वयंपाक. बाळ्याला आपण सगळे सल्ले देतोय, पण मंगळवार-शुक्रवारी काकांबरोबर कोण जाणार हे कुणीच बोलत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

आत्या: बरोबर बोललीस गं.

बाळ्या: ताई, मला रात्री झोप लागत नाही ती यामुळेच. आई फोनवर नेहमी "सगळं छान" म्हणते.

बाबा: आला असतास तर बरं वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या आजारपणाचं कारण धरून येऊ नकोस, पुढे तुला आणि मलाही ते सलत राहील. डिसेंबरपर्यंत जोर लाव. नाही जमलं तर खुशाल ये, घर आहेच.

बाळ्या: बाबा, चाकणवाल्यांकडे जानेवारीची जॉइनिंग मागतो. नाही म्हणाले तर ऑफर सोडतो. सी-वनचा क्लास सोमवारपासून लावतोय.

सातारची ताई: शुक्रवार माझा. काकू, त्या दिवशी तुम्ही घरीच थांबायचं.

थोरले काका: मंगळवारी मी येतो गाडी घेऊन. वहिनी, किती वाजता निघायचं ते इथेच ग्रुपवर टाका.

आई: साडेसहाला. भावजी, यांची फाईल टीव्हीच्या कपाटात असते, निळी.

थोरले काका: बरं.