टारा मरते हे भाचीला आधीच सांगू का?

शेवंती:
('बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही जुनी अमेरिकन मालिका बघायची राहिली असेल तर पुढे वाचू नका, सगळं फुटणार आहे.)

बहिणीची मुलगी बारावीची परीक्षा आटपून माझ्याकडे राहायला आलीय. गेल्या दिवाळीत गच्चीवर पणत्या लावताना तिने मला सांगितलं, "मावशी, मला मुलीच आवडतात." पहिल्यांदा मलाच, कारण माझं घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त विषय कोणी काढत नाही. तर आता रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघी बफी बघतो. जुन्या मालिकेतले राक्षसांचे मुखवटे बघून ती खो-खो हसते, पण विलो आणि टारा या जादू करणाऱ्या, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोघींवर पोरीचा जीव जडलाय.

त्यांची सुरुवातच तशी आहे ना. १९९९चा तो भाग, अख्ख्या गावाचा आवाज चोरीला गेलेला. दोघी लाँड्रीच्या खोलीत अडकतात. राक्षसांना अडवायला दाराला कोल्ड्रिंकचं मशीन लावायचं असतं, पण विलोच्या एकटीच्या जादूने ते नीट हलत नाही. टारा तिचा हात हातात घेते आणि मशीन सर्रकन जाऊन दाराला धडकतं. एक शब्द नाही. भाचीने तेवढा तुकडा चार वेळा मागे नेऊन बघितला.

आता पाचवा सीझन संपत आलाय. सहाव्याच्या १९व्या भागात बफीवर झाडलेली गोळी खिडकीतून येते आणि टाराला लागते. मी हे हॉस्टेलवर रूममेटच्या कॉम्प्युटरवर बघितलं होतं, कोणीतरी बर्न करून दिलेल्या सीडीवरून. त्या भागाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत टारा झालेल्या अँबर बेन्सनचं नाव मुख्य कलाकारांमध्ये पहिल्यांदा झळकतं, इतके दिवस काम केल्यावर तेव्हा कुठे! मी खूश. पाऊण तासात टारा मेली. "झोप येतेय" म्हणून मी पांघरूण डोक्यावरून ओढलं. आवाज फुटू नये म्हणून उशीचा कोपरा तोंडात.

सांगू का तिला आधी? की बघू दे तिचं तिला?

चकटफू:
अजिबात सांगू नका. बफी स्वतः दोनदा मरते, तिची आई जाते. त्या मालिकेचा धंदाच मरणाचा आहे. टाराचंच तेवढं का मनाला लावून घ्यायचं? विलोला सातव्या सीझनमध्ये केनेडी भेटतेच की.

रानजाई:
@चकटफू, बफी मरते आणि परत येते, पाटीवर तिचंच नाव आहे. मालिकेत पुरुषांच्या प्रेमात पडलेल्या बायका ढीगभर, त्यातली एक गेली तर बाकीच्या उरतात. इथे होत्याच दोघी.

आणि ही एकच मालिका असती तर गोष्ट वेगळी. २०१६च्या मार्चमध्ये 'द हंड्रेड'मध्ये लेक्सा गेली. ती आणि क्लार्क या दोघी एकदाच्या जवळ येतात आणि लगेच क्लार्कवर झाडलेली गोळी लेक्साला. टारानंतर १४ वर्षांनी पुन्हा दुसरीच्या नावाची गोळी! पटकथावाल्यांकडे काय एकच पिस्तूल आहे का? गोष्टीतल्या समलिंगी पात्रांना मारून टाकायच्या या प्रकाराला इंग्रजीत 'बरी युअर गेज' असं नावच पडलंय. तेव्हा प्रेक्षकांनी ट्रेव्हर प्रोजेक्टसाठी वर्गणी काढली (ही संस्था एलजीबीटी मुलामुलींच्या आत्महत्या रोखायचं काम करते) आणि लाखावर डॉलर जमवले. मालिकेच्या कर्त्याने जाहीर माफी मागितली.

शेवंती, सांग तिला. सरळ सांग.

माईआत्या:
आमच्या वेळी कसली मालिका. १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं, रोहिणी हट्टंगडी मित्रा झाल्या होत्या. मित्राचं नमा या मुलीवर प्रेम, आणि शेवटी मित्रा जीव देते. तेंडुलकरांनी तिची टर उडवलेली नाही, उलट फार आतून लिहिलंय, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचताना कळलं. पण नाटक बघून निघालो तेव्हा बसस्टॉपवर आई म्हणाली, "असंच होतं बाई अशांचं." मी १९ वर्षांची होते. काम कसं झालं, प्रकाशयोजना कशी होती, काही आठवत नाही. आईचं तेवढं वाक्य राहिलंय.

तुमच्या भाचीशेजारी मावशी आहे. सांगा किंवा नका सांगू, तिला एकटीला बघायला लावू नका.

गोधडी:
बफीनंतर 'जंटलमन जॅक' लावा, २०१९ची, पहिल्या सीझनचे आठच भाग. हॅलिफॅक्सच्या अ‍ॅन लिस्टरची खरी गोष्ट, रोजनाम्यातला खासगी मजकूर सांकेतिक लिपीत लिहायची ती बाई. लिहिणारी सॅली वेनराईट. हिनेच आधी 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'मध्ये केटला तिच्या प्रेयसीशी लग्न झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाडीखाली मारलं होतं. मला तर जंटलमन जॅक हे त्याचं प्रायश्चित्तच वाटतं. सीझनच्या शेवटी अ‍ॅन आणि तिची प्रेयसी चर्चमध्ये शेजारी-शेजारी बसतात. दोघींपैकी कोणी मरत नाही!

आणि बफीचा सहावा सीझन १८व्या भागावर थांबवता येतो. तो भाग विलो आणि टाराच्या चुंबनावर संपतो.

शेवंती:
@चकटफू, दुसऱ्यांदा बघताना एक लक्षात आलं होतं. बफीची आई जाते त्या भागात विलोला कुठला शर्ट घालावा सुचत नाही. एक काढते, दुसरा घालते, रडते. टारा तिला जवळ घेऊन चुंबन घेते. पडद्यावरचं त्यांचं पहिलं. आणि गोळी लागल्यावर विलोवर रक्त उडतं तेव्हा टारा एवढंच म्हणते, "तुझा शर्ट." मरण तर सगळ्यांनाच आहे हो. पण दोघींचं भांडण मिटवून, एक सकाळ सुखाची देऊन मग मारलंय, ते खुपतं.

असो. काल भेंडी चिरताना सांगून टाकलं तिला. हॉस्टेल, सीडी, उशी, सगळंच. ती बराच वेळ देठं गोळा करत बसली. मग म्हणाली, "१८वा कसा संपतो?" सांगितलं. म्हटलं, तिथे थांबू.

"नाही, १९वा पण बघायचा. पण दुपारी. आणि तू पांघरूण घ्यायचं नाहीस."